निवृत्ती फिटरचा वस्तरा

लातूरच्या एका दाळमिलमध्ये निवृत्ती एकोणतीस वर्षं फिटर होता. मिलमध्ये तुरीचं साल काढायला मोठाले रोल असतात, वरून खरबरीत. ते झिजून गुळगुळीत झाले की तूर नुसती गरगर फिरते, साल काही सोडत नाही. मग रोल खाली उतरवायचा, त्याच्यावर एमरीचा नवा लेप चढवायचा आणि तळहात फिरवून खरबरीतपणा बघायचा. हे चाचपणं आपल्याइतकं कुणालाच जमत नाही, असं निवृत्ती स्वतःच सांगायचा. मिलमधल्या कुणी ते कधी खोडून काढलं नाही, म्हणजे खरं असावं.

बासष्टाव्या वर्षी, माघातल्या एका सकाळी, त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. बारा दिवस दवाखान्यात काढले. वाकडं झालेलं तोंड जाग्यावर आलं, पाय ओढत ओढत का होईना चालायला लागला. राहिला हात. उजव्या हातात पेला धरला तर हात पेल्याचं ऐकायचा, पेला हाताचं ऐकायचा नाही. डॉक्टरनं एक रबरी चेंडू दिला आणि दिवसातून शंभर वेळा दाबा म्हणून सांगितलं. निवृत्तीनं तो दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली फेकला. खाली खेळणाऱ्या लेकरांनी उचलून नेला. त्यांच्या तरी कामी आला, असं म्हणून हा आत येऊन बसला.

घरात माणसं तीन. निवृत्ती, त्याची बायको कावेरीबाई आणि मुलगा उद्धव, जो एका ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होता. सून बाळंतपणासाठी किनवटला माहेरी गेलेली. आजारपणानंतर या तिघांच्या घराला एक नवीनच सवय लागली. निवृत्तीनं कशाला हात घातला की कुणीतरी ते अलगद काढून घ्यायचं. गॅस पेटवायला गेला तर लायटर काढून घ्यायचं. भाकरी मोडायला गेला तर कावेरीबाई मोडून, कालवून पुढं ठेवायची. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं, सगळं प्रेमानंच चालायचं, आणि म्हणून भांडायलाही जागा नव्हती.

उन्हाळा लागला तसं निवृत्तीनं गावाकडं जायचं काढलं. गाव जोगलवाडी, लोह्यापासून सात-आठ किलोमीटर आत. चार एकर रान होतं, ते मल्लिनाथ नावाचा भावकीतला माणूस बटईनं करायचा. रानात पत्र्याची एक खोली होती, बोअर होता. गावाची ओढ वगैरे म्हणावं तर तसं काही नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी गाव सोडलं ते त्यानंच, वैतागून. पण खोलीत एकटं राहिलं तर हातातलं काढून घ्यायला कुणी नसतं, एवढाच त्याचा हिशेब.

कावेरीबाईनं आपल्यापुरतं एका वाक्यात मिटवलं. तिचं म्हणणं, तीस वर्षांनी गॅस मिळालाय, आता परत चुलीपुढं फुकणी धरायला ती काही येणार नाही. ज्याला जायचं त्यानं जावं. उद्धवचा मुद्दा वेगळा होता आणि तो खोटा नव्हता. रानात परत झटका आला तर बघणार कोण? मल्लिनाथ सकाळी येईल तोवर काय उरलेलं असेल? हे त्यानं बापाला चार-पाच वेळा समजावलं. सहाव्या वेळी जेवताना त्याचा तोल गेला. दर चार दिवसांनी बापाची दाढी तोच बॅटरीच्या मशीननं उरकायचा, तेच तोंडात आलं.

"आबा, सोताची दाढी सोताला येईना, अन् एकटं ऱ्हायचं म्हनायलाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्तीनं उद्धवचा प्लास्टिकचा रेझर घेतला, डाव्या हातानं सगळी दाढी केली आणि चहाच्या वेळेला तोंड पुढं करून बसला. कुठं कापलं नव्हतं. उद्धवनं बघितलं आणि म्हणाला, असल्या रेझरला काय, त्याला पुढं दांड्या असतात, कापायचं म्हटलं तरी कापत नाही, त्यानं तर आई बी दाढी करील.

"मला मधी कशाला ओढायलास? मला कुठं दाढी हाय?" कावेरीबाई चहा गाळत म्हणाली.

"मग वस्तऱ्यानं करतो," निवृत्ती म्हणाला.

उद्धव हसला. "करा. रगत न काढता सगळी दाढी वस्तऱ्यानं केली, तर मी सोता नेऊन सोडतो जोगलवाडीला. न्हाई जमली, तर गावाचं नाव काढायचं न्हाई."

"ठरलं."

ठरलं खरं, पण निवृत्तीनं जन्मात वस्तरा हातात धरलेला नव्हता. आणि आता तो मिळतो तरी कुठं? सगळ्या सलूनमध्ये अर्धं ब्लेड खोचायचे वस्तरे. एका गिऱ्हाइकाला एक ब्लेड, काम झालं की टाकून द्यायचं. धार लावायचा वस्तरा शेवटी गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत सापडला, एका भंगारवाल्याकडं. जुनी कुलपं, नळाच्या तोट्या, चाव्यांचे जुडगे यांच्या ढिगात तो उताणा पडलेला होता. मुठीला तडा गेलेला, पात्यावर गंजाचे टिपके, धारेला दोन खांडं पडलेली. पात्यावर कंपनीचं नाव असावं, त्यातली दोनच अक्षरं शिल्लक होती. निवृत्तीनं नखानं पात्याला टिचकी मारली आणि कानाशी धरला. आवाज लांबला. पोलाद बघायला नाव कशाला लागतंय, असं म्हणून त्यानं तो खिशात टाकला.

पलंगाखालच्या हत्यारांच्या पेटीत मिलमधली धार लावायची दुतोंडी पथरी होती. एक बाजू जाड, एक बारीक. आता पथरीला पाणी लावायचं का तेल, हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला असता. निवृत्तीला पडला नाही. तुरीचा माणूस तो. मिलमध्ये तूर रोलवरून एकदा काढली की तिला तेल चोळतात, तेव्हा कुठं साल सुटायला लागतं. दगड आला म्हणजे तेल आलं. घरात तेलाला तोटा नव्हता. आजारपणानंतर कुणीतरी उद्धवच्या डोक्यात घातलं होतं की काळजाला करडीचं तेल चांगलं, तेव्हापासून लाकडी घाण्यावरचं करडीचं तेल यायचं. निवृत्तीनं त्यातली वाटीभर गॅलरीत नेली. कावेरीबाईनं वाटी जाताना बघितली आणि भजी तळायला तिकडं चूल मांडली का, एवढं विचारून घेतलं.

चैत्राचं ऊन. गॅलरीत पोतं टाकून निवृत्ती बसायचा. वस्तरा डाव्या हातात, कारण धरता येणारा हात तोच. उजवा पथरीवर नुसता ठेवलेला, ती हलू नये म्हणून. खुरप्याला जशी पाठ उचलून धार देतात, तशी पाठ उचलून, मिलमधला सगळा जोर लावून तो घासायचा. पहिल्या तीन दिवसांत तेल काळंशार झालं, खांडंही कमी झाली. काम झालं की पथरीला आणखी बोटभर तेल पुसायचं आणि ती उन्हात ठेवायची. तेल आत मुरलं पाहिजे, असा त्याचा हिशेब.

पाचव्या दिवसापासून वस्तरा लोण्यावरून जावा तसा फिरायला लागला. खरखर नाही, अडखळणं नाही. सातव्या दिवशी तर आवाजही थांबला. निवृत्तीला वाटलं, आली धार. पात्याला चकाकी आलेलीच होती. आणखी दोन दिवस तो त्या लोण्यावर वस्तरा फिरवत राहिला.

दहाव्या दिवशी उद्धव ऑफिसला गेल्यावर त्यानं गालाला साबण लावला. वस्तरा टेकवून खाली ओढला, तर केस कापायचे सोडून वस्तऱ्याबरोबर ओढले गेले, आणि कातडीही त्यांच्या मागं गेली. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा कानशिलाखाली बोटभर रेघ उठली आणि फेसात लाल उतरायला लागलं. कावेरीबाई तुरटी घेऊन आली. लावताना म्हणाली, "उद्धवला काय सांगू? मांजरीनं वरबाडलं म्हनू?"

त्या बिल्डिंगमध्ये मांजर नव्हती. संध्याकाळी उद्धवनं रेघ बघितली, कुणी काही सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. फक्त रात्रीच्या जेवणात तो जरा जास्तच मऊ बोलला, आणि निवृत्तीला ते रेघेपेक्षा जास्त झोंबलं.

दोन गल्ल्या सोडून शरणप्पाचं सलून होतं. म्हणजे आता त्याच्या पोराचं. शरणप्पा अठ्ठ्याहत्तरचा, निलंग्याच्या पलीकडचा, बोलता बोलता कानडीत घसरायचा. निवृत्तीचे केस त्यानं वीस वर्षं कापले होते. आता आत एसी, मोठाले आरसे आणि फिरत्या खुर्च्या होत्या, आणि शरणप्पा दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आत जाणाऱ्यांच्या चपला बघायचा. निवृत्ती पाय ओढत तिथवर गेला आणि वस्तरा आणि पथरी त्याच्या मांडीवर ठेवली.

शरणप्पानं वस्तऱ्याकडं बघितलंच नाही. पथरीवर नख ओढलं. नखाला पिवळसर चिकट साय आली. ती त्यानं नाकाशी धरली.

"करडी?"

"घाण्यावरची हाय. चांगली."

"चांगलीच की. आमच्या गावात मोटेला ह्येच लावायचे. करडीचं तेल कढवून रोगण करायचं अन् चामड्याला चोपडायचं. वाळलं की पाण्याचा थेंब आत जात नव्हता." त्यानं पथरी उलटी करून बघितली. "तुमी उन्हात वाळवून वाळवून दगडाला रोगण दिलंय, निवृत्तीराव. दगड खाली ऱ्हायला. वस्तरा तुमी काचेवर फिरवायलाव."

निवृत्तीनं पथरी हातात घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. झिजलेल्या रोलवर हा गुळगुळीतपणा त्यानं हजार वेळा ओळखला होता, असा रोल समोर आला की मालकाला न विचारता मशीन बंद केलं होतं. आणि इथं त्यालाच तो धार आली समजला. हे त्यानं शरणप्पाला सांगितलं नाही.

पथरी घरी आणून त्यानं सोड्याच्या पाण्यात उकळली. कावेरीबाईनं ते पातेलं स्वयंपाकातून कायमचं बाद केलं. मग शहाबादी फरशीवर वाळू आणि पाणी टाकून दोन दिवस पथरी घासली, तेव्हा पिवळी साय निघून खालचा दगड उघडा झाला. हात लावला तर हाताला लागला.

पुढचं शिकणं शरणप्पाच्या खुर्चीशेजारी झालं. निवृत्तीच्या पथरीवर खांडं काढायची, पण शेवटची धार शरणप्पाच्या निसण्यावर. निसणा म्हणजे न्हाव्याचा धारेचा दगड, हिरवट, वीतभर लांब, मधोमध किंचित दबलेला, पाणी लावून वापरायचा. तो घरी न्यायचा नाही, इथं बसूनच काम करायचं, अशी अट होती. म्हणून निवृत्ती रोज दोन मजले उतरायचा आणि दोन चढायचा.

पहिल्याच दिवशी शरणप्पानं त्याचा हात धरून थांबवला. वस्तरा खुरपं नव्हे. त्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकल्या पाहिजेत. धार पुढं ठेवून न्यायचा, शेवटाला गेला की पाठीवर उलटा करायचा, धारेवर कधी नाही, आणि तसाच परत आणायचा. हे निवृत्तीला अर्ध्या तासात कळलं. जोराचं मात्र कळेना. तो डाव्या हातानं दाबायचा आणि शरणप्पा "साकु, साकु" म्हणत राहायचा. कानडीत साकु म्हणजे पुरे. चौथ्या दिवशी म्हातारा कंटाळला.

"उजव्या हातात घ्या."

"उजव्यात जोर न्हाई ऱ्हायला."

"म्हनूनच म्हनायलो. वस्तऱ्याला त्याचं सोताचं वजन लई होतंय. तुमचा डावा हात अजून मिलमधीच हाय. त्येला दगड दिसला की रोल वाटतो."

निवृत्तीनं वस्तरा उजव्या हातात घेतला. धरताना तो दोनदा निसटला. तिसऱ्यांदा मुठीच्या मुळाशी तीन बोटांत अडकला आणि राहिला. हातानं दाबायचं म्हटलं तरी दाबता येत नव्हतं. वस्तरा आपल्याच वजनानं दगडावरून गेला, उलटला, परत आला. थरथर होती, पण पाठ दगडाला टेकलेली असल्यामुळं ती दगडच सांभाळून घेत होता. आत सलूनमध्ये शरणप्पाचा पोरगा एका कॉलेजच्या पोराच्या डोक्याला रंग लावत होता, तोही मान वळवून बघायला लागला. शरणप्पा साकु म्हणाला नाही, एवढं मात्र निवृत्तीच्या ध्यानात आलं.

अठरा दिवस गेले. पंधराव्या दिवशी निसण्यावरचं पाणी धारेपुढं ढकललं जायचं सोडून धारेवर चढायला लागलं, म्हणजे धार बसली. शरणप्पानं वस्तरा आपल्या चामड्याच्या पट्ट्यावर वर-खाली फिरवून दिला आणि मनगटावरचे पांढरे केस हलकेच टिपून बघितले. केस कापले गेलेले कातडीला कळलेच नाहीत. शेवटचे तीन दिवस त्यानं निवृत्तीकडून फुग्यावर साबण लावून फुगा भादरून घेतला. पहिल्या दिवशी चार फुगे फुटले. सलूनमध्ये प्रत्येक फुग्याला गिऱ्हाईक दचकायचं आणि शरणप्पाचा पोरगा बापाकडं रागानं बघायचा. तिसऱ्या दिवशी एकच फुटला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. उद्धव घरी. निवृत्तीनं गॅलरीत आरसा टांगला आणि कुणाला हाक न मारता साबण लावला. उद्धव दाराशी येऊन उभा राहिला. तीन दिवस फुगे फुटल्याची बातमी त्याला गल्लीतून कळलेलीच होती. त्याच्या हातात तुरटी होती. ती लपवावी की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

उजवा गाल झाला. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणायची, वस्तरा तिरपा टेकवायचा, सोडायचा. बारीक खसखस एवढाच आवाज. फेस पात्यावर यायचा, तो पोत्याला पुसायचा. डाव्या गालाला वेळ लागला, हात अंगावरून पलीकडं न्यावा लागत होता. दोनदा निवृत्ती थांबला, हात मांडीवर ठेवला, थरथर शांत होऊ दिली. मिशीच्या कडा झाल्या. हनुवटी झाली. रक्त कुठं नव्हतं.

राहिला गळा. निवृत्तीनं मान वर केली, वस्तरा घाटीच्या खाली नेला. मान वर केली की आरशात नीट दिसत नव्हतं, आणि न बघता हात काय करतो हे त्याला ठाऊक नव्हतं. पातं कातडीपासून दोन बोटांवर थरथरत राहिलं. त्यानं ते मागं घेतलं. परत नेलं. निवृत्तीनं दुसऱ्यांदा वस्तरा मागं घेतला, पोत्याला पुसला आणि मिटला.

"गळा न्हाई व्हायचा माझ्यानं."

उद्धवनं तुरटी खिशात टाकली.

"सगळी दाढी म्हनलं होतं," निवृत्ती म्हणाला. "सगळी न्हाई झाली. गेलं."

गळ्यावर फेस वाळत चालला होता. कावेरीबाई आतून बघत होती. उद्धव आत गेला, आपला प्लास्टिकचा रेझर घेऊन आला आणि बापापुढं उकिडवा बसला. निवृत्तीनं मान वर केली. उद्धवनं खालून वर हळूहळू रेझर फिरवायला सुरुवात केली. अर्धा गळा झाल्यावर त्यानं विचारलं, "गावात न्हावी यायलाय का कुनी?"

"बुधवारी येतो की. लोह्याचा."

"अन् बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस गळा वाढंल."

उद्धवचा हात थांबला, मग परत चालायला लागला. टॉवेलनं बापाचं तोंड पुसल्यावर त्यानं सांगायला सुरुवात केली: मल्लिनाथनं रात्री खोलीशेजारी झोपायला यायचं, मोबाईल उशाला नव्हे, गळ्यात अडकवायचा, सकाळी सातला फोन, गोळ्यांची डबी वारांप्रमाणं भरून. फोन सातला आला नाही तर सव्वासातला लातूरहून गाडी निघेल. निवृत्ती प्रत्येक गोष्टीला हाव म्हणत गेला. ठरलेली पैज आपण हरलो होतो, हे त्यानं पोराला आठवण करून दिलं नाही. पोरानंही काढलं नाही.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला उद्धवनं त्याला जोगलवाडीला नेऊन सोडलं. कावेरीबाई सांगितल्याप्रमाणं गेली नाही, पण डब्यात पंधरा दिवसांचा शेंगदाण्याचा कूट भरून दिला.

आता निवृत्ती तिथंच असतो. सकाळी बोअरच्या हौदाजवळ आरसा ठेवून गालांची दाढी करतो, एक दिवसाआड, वस्तऱ्यानं. धार लावताना पथरीला आता तेल नाही, पाणीच लावतो. गळा मात्र सात दिवस वाढलेला. बुधवारी लोह्याचा तरणा न्हावी मोटरसायकलवर येतो, वस्तऱ्यात नवं ब्लेड खोचतो आणि दर वेळी कुरकुरतो, की मामा, तुमी मला पाव कामाला बोलवायलाव, सगळं तोंड तरी करू द्या. निवृत्ती लिंबाखालच्या दगडावर बसतो, हनुवटी वर करतो आणि डोळे मिटतो.